ऐनवेळचा मुक्काम

शुक्रवारची दिवेलागण होते, नागपुरातील एखाद्या घरी चहाचे पेले हातात येतात आणि नेहमीचा प्रश्न निघतो: उद्या-परवा दोन दिवस मोकळे आहेत, तर कोठे जाता येईल? चंद्रपूर दीडशे किलोमीटरांवर आहे, गडचिरोलीही काही फारसे दूर नाही. मुलांना वाघ पाहावयाचा असतो, आजीला मार्कंड्याचे दर्शन हवे असते आणि गृहस्वामिनीला केवळ दोन दिवस चुलीपासून सुटका हवी असते. मग चौकशी सुरू होते. मोहर्लीस खोली नाही, कोलाऱ्यास आहे ती परवडणारी नाही, आणि जंगलाच्या फाटकावरची शनिवार-रविवारची जागा तर कित्येक आठवड्यांपूर्वीच भरलेली. रात्री नऊच्या सुमारास बेत मोडतो व रविवार अंथरुणे उन्हात घालण्यात जातो. मोडलेल्या बेताचे खापर सामान्यतः घरातील दिरंगाईवर फुटते. पण दिरंगाई हाच काय तो दोष, असे म्हणण्यापूर्वी ज्या देशात हजारो कुटुंबे गुरुवारी ठरवून शुक्रवारी निघतात व तरीही त्यांना मुक्कामाची जागा मिळते, तेथे हे कसे साधले आहे ते पाहण्यासारखे आहे.

तेथील उपाय म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड, आणि अशा बिऱ्हाडांचा मेळावा. बिऱ्हाडास त्या लोकांनी नाव दिले ते आपल्या ओळखीचे आहे. कारवाँ हा मूळ फारसी शब्द. त्याचा अर्थ सोबतीने चालणारा प्रवाशांचा तांडा. वाळवंटातून एकट्यादुकट्याने जाणे धोक्याचे, म्हणून व्यापारी, यात्रेकरू आणि उंट एका दोरीत चालत. हा शब्द युरोपात गेला आणि तेथे त्याचा अर्थ उलटा होऊन बसला. तांड्याऐवजी तांड्यातील एक गाडी, आणि तीही ज्या गाडीत माणूस निजू शकतो अशी गाडी, एवढाच अर्थ शिल्लक राहिला. पुढे अशा गाड्या पुन्हा एकत्र जमू लागल्या तेव्हा त्या जमण्याला दुसरे नाव शोधावे लागले. आपल्याकडे तांडा हा शब्द मात्र तांडाच राहिला. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर हिंडणाऱ्या बंजाऱ्यांनी तो शब्द जिवंत ठेवला. १७९१-९२ साली श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत कॉर्नवॉलिसच्या फौजेला धान्य पुरविले तेही याच तांड्यांनी.

हौसेखातर चाकांवर राहणारा पहिला प्रसिद्ध गृहस्थ म्हणजे गॉर्डन स्टेबल्स. हा आरमारातील निवृत्त डॉक्टर होता व मुलांसाठी साहसकथा लिहीत असे. १८८५ साली त्याने ब्रिस्टल येथील एका कारखान्यातून सुमारे दोन टन वजनाची एक लाकडी गाडी बांधवून घेतली, तिला ‘वाँडरर’ हे नाव दिले आणि दोन घोडे जुंपून ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडातील इनव्हर्नेसपर्यंत प्रवास केला. गाडीत पुस्तके होती, व्हायोलिन होते, कुत्रा होता, पोपट होता. या प्रवासातील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्टेबल्सचा एक नोकर तीन चाकी सायकलीवर बसून गाडीच्या पुढे जाई. पुढचा रस्ता कसा आहे, चढ केवढा आहे, रात्री गाडी उभी करावयास कोणाचे शेत मिळेल, याची चौकशी तो करी. म्हणजे मालक स्वच्छंद हिंडत होता खरा, पण त्याच्या स्वच्छंदाची पूर्वतयारी दुसरा कोणी तरी अर्धा मैल पुढे राहून करीत होता. पुढे जे क्लब निघाले त्यांनी या सायकलस्वाराचेच काम हाती घेतले.

१९०७ साली इंग्लंडात कारवाँ क्लबाची स्थापना झाली व स्टेबल्स त्याचा एक उपाध्यक्ष झाला. आज या क्लबाच्या नावात मोटारबिऱ्हाडांचाही समावेश झाला आहे. त्याच्या मेळाव्यांची रीत समजून घेतली म्हणजे ऐनवेळी येणे कसे शक्य होते ते कळते. क्लबाची एखादी स्थानिक शाखा वर्षारंभीच ठरविते की अमुक महिन्यातील अमुक शनिवार-रविवारी अमुक शेतकऱ्याच्या कुरणात, शाळेच्या पटांगणात अथवा घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात उतरावयाचे. एक सभासद त्या मेळाव्याचा कारभारी होतो. तो मालकाशी भाडे ठरवितो, पिण्याच्या पाण्याचा नळ कोठे व मैला ओतण्याची जागा कोठे हे पाहतो, फाटकाशी पाटी लावतो. गाड्या ओळीने उभ्या राहतात व दोन गाड्यांमध्ये आगीच्या भीतीने सुमारे वीस फुटांचे अंतर सोडलेले असते. खोल्या नाहीत, खाटा नाहीत, स्वयंपाकी नाही. प्रत्येकाचे अंथरूण, चूल, पाण्याची टाकी आणि शौचपात्रसुद्धा त्याच्या गाडीत. त्यामुळे कारभाऱ्याला मोजावयाचे असते ते फक्त मैदान. चाळीस गाड्यांच्या जागी बेचाळीस आल्या तर ओळ थोडी लांबते, इतकेच. एखाद्या कुटुंबाने गुरुवारी दूरध्वनी केला तरी कारभारी बहुधा ‘या’ म्हणतो तो या कारणाने.

त्या देशाच्या कायद्यानेही याला हात दिला आहे. १९६० च्या कायद्याने अशा गाड्यांच्या तळांना परवान्याचे बंधन घातले, परंतु मान्यताप्राप्त क्लबांना त्यातून दोन सवलती दिल्या: सभासदांच्या पाच गाड्यांपर्यंतच्या लहान जागा क्लबाने स्वतः पसंत कराव्यात, आणि क्लबाने भरविलेला मेळावा पाच दिवसांच्या आत उठणार असेल तर जमीनमालकाने परवाना काढण्याची गरज नाही. येणाऱ्याला सूचना द्यावी लागत नाही, कारण ती सर्व सूचना कोणी तरी आधीच देऊन ठेवलेली असते. ऐनवेळच्या प्रवासाचे सारे रहस्य एवढ्यातच आहे.

आपल्या राज्यानेही या विषयाकडे लक्ष दिले आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कारवाँ पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात गाड्यांचा आणि त्या उभ्या करण्याच्या तळांचा असा दुहेरी विचार आहे. तळावर पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असावी, अशी अपेक्षा आहे. त्याच वर्षी केरळानेही असेच धोरण आखले. भाड्याने मिळणाऱ्या अशा गाड्या आता मोठ्या शहरांत दिसतात आणि हौशी लोक आपल्या साध्या मोटारीतच फळ्या टाकून झोपण्याची सोय करून घेतात. परंतु इंग्लंडातल्याप्रमाणे वर्षभराच्या मेळाव्यांची छापील यादी हातात घेऊन चंद्रपूर-गडचिरोलीकडे निघावे, असा दिवस अजून उजाडलेला नाही. गाडी आली आहे. पुढे जाऊन शेत पाहणारा सायकलस्वार यावयाचा आहे. तोपर्यंत या दोन जिल्ह्यांत तळ कोठे आहेत, हे प्रवाशाने स्वतःच शोधले पाहिजे. आणि नीट पाहिले तर असे तळ येथे आहेत, कित्येक पिढ्यांपासून आहेत. फक्त लोक त्यांना शोधतात ते भलतीकडे.

दोन्ही जिल्हे मुळात एकच. जुना चांदा जिल्हा पुढे चंद्रपूर झाला आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचा पूर्व व दक्षिण भाग तोडून गडचिरोली जिल्हा निराळा करण्यात आला. मधून वैनगंगा वाहते व बऱ्याच अंतरापर्यंत तीच सीमा आहे. खाली वर्धा तिला मिळते, तेथून तिचे नाव प्राणहिता होते, आणि सिरोंच्यापाशी ती गोदावरीस जाऊन मिळते. गडचिरोलीचा दोन-तृतीयांशांहून अधिक भाग वनाच्छादित आहे. चंद्रपूरकडे कोळसा, वीज आणि सिमेंट यांच्या धुराडांतून थोडे पुढे गेले की एकदम साग, बांबू आणि मोह लागतो. असा मुलूख पाहिला की शहरी मनुष्यास वाटते, येथे वाटेल तेथे गाडी उभी करावी, जागेला काय तोटा! हीच पहिली आणि सर्वांत मोठी चूक होय.

ताडोबाचे उदाहरण घ्यावे. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले हे जंगल १९९५ पासून अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्प आहे. त्याचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरांचा, भोवतीचा बफर पट्टा सुमारे ११०० चौरस किलोमीटरांचा. एवढ्या विस्तारात आपली एक मोटार कोणास जड होणार, असे वाटणे साहजिक आहे. पण येथे मैदान मोजले जात नाही, मोटारी मोजल्या जातात. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, पांगडी, झरी या फाटकांतून सकाळच्या व दुपारच्या फेरीला ठराविक गाड्याच आत जातात. नोंदणी केलेल्या गाडीतून, वाटाड्या बरोबर घेऊन, ओळखपत्र दाखवून जावे लागते. मंगळवारी उद्यान बंद, पावसाळ्यात गाभा बंद. शेवटच्या दिवसांत नोंदणी करू इच्छिणाऱ्यांसाठी तात्काळ म्हणून काही जागा राखण्याची पद्धत आहे, तिचा लाभ सावध कुटुंबांस होतो; आणि बफर पट्ट्यातील फाटकांवर गाभ्याच्या मानाने गर्दी कमी असते. परंतु प्रवाशाने स्वतःचे घर चाकांवर बसवून आणले म्हणून ही मोजदाद तसूभरही बदलत नाही. खोलीचा प्रश्न त्याने सोडविला, फाटकाचा प्रश्न होता तसाच राहिला. शुक्रवारी रात्री ठरवून शनिवारी पहाटे वाघ पाहीन म्हणणाऱ्याने निराशेची तयारी ठेवूनच निघावे.

फाटकाच्या बाहेर जंगल संपते, असेही नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल या बाजूच्या वनांत वाघ आहेत आणि तेथे शेते, गावे व जंगल एकमेकांत गुंतलेली आहेत. या जिल्ह्यांत वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावल्याच्या बातम्या उन्हाळ्याच्या तोंडाशी वारंवार येतात, त्या मोहफुले वेचणाऱ्या आणि तेंदूची पाने तोडणाऱ्या लोकांच्या. पहाटेच्या अंधुक प्रकाशात वाकून काम करणारे माणूस वाघास माणसासारखे दिसत नाही. शहरातील प्रवासी रस्त्याच्या कडेला गाडी लावतो, पहाटे तांब्या घेऊन झाडीत शिरतो, आणि नेमक्या त्याच वेळी, त्याच पवित्र्यात, त्याच जागी बसतो. गाडीच्या पत्र्याआड निजलेला मनुष्य सुरक्षित असेल. गाडीतून उतरलेला नव्हे. ज्या गाडीत शौचाची सोय नाही ती गाडी या मुलखात रात्रीच्या मुक्कामास निकामी समजावी, हे नाजूक असले तरी स्पष्ट सांगितलेले बरे.

कायद्याची बाजूही आहे. १९२७ च्या वनकायद्याप्रमाणे राखीव जंगलात परवानगीवाचून शिरणे आणि विस्तव पेटविणे हे दोन्ही गुन्हे आहेत. अभयारण्यांस १९७२ चा वन्यजीव कायदा लागू आहे, तो अधिक कडक आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो. सागाचा पाचोळा त्या दिवसांत कागदासारखा वाळलेला असतो. झाडाखाली दगड मांडून केलेल्या भाजीची चव न्यारी लागते हे कबूल. परंतु त्या चवीपायी कित्येक हेक्टर रान जाते आणि ते विझविण्यास वनमजूर व गावकरी हातात डहाळ्या घेऊन धावतात.

मग ऐनवेळी निघालेल्या कुटुंबाने जावे कोठे? जेथे तळ आधीच ठरलेला आहे, जेथे माणसे मोजली जात नाहीत, आणि जेथे प्रत्येक जण आपले बिऱ्हाड घेऊनच येतो तेथे. इंग्लंडातील मेळाव्याची ही तीनही लक्षणे चामोर्शी तालुक्यातील मार्कंडादेव येथे महाशिवरात्रीच्या जत्रेत जशीच्या तशी सापडतात.

मार्कंडा येथे वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहू लागते, आणि नदी उत्तरवाहिनी झाली की ते स्थान पवित्र ठरते हा आपल्याकडील जुना संकेत. काठावर एका आवारात शिल्पांनी गजबजलेल्या देवळांचा समूह आहे. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७० च्या दशकात त्याची पाहणी करून वर्णन लिहिले. मुख्य देवळावर अठराव्या शतकात वीज कोसळून शिखराची हानी झाली असे सांगतात. हौशी लोक त्यास विदर्भाचे खजुराहो म्हणतात. असल्या तुलनांनी देवळाची शोभा वाढत नाही, ते देऊळ आपल्या जागी पुरेसे सुंदर आहे. महाशिवरात्रीस येथे दोन्ही जिल्ह्यांतून व पलीकडे तेलंगणातूनही माणसे लोटतात आणि जत्रा पुढे कित्येक दिवस चालते.

मोटारी येण्यापूर्वी, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे, लोक येथे बंडीने येत. धानाची कापणी-मळणी उरकलेली, बैलांना काम नाही, उन्हाळा अजून तापलेला नाही, नदीचे पाणी ओसरून वाळवंट उघडे पडलेले; महाशिवरात्रीची वेळ जणू बैलगाडीच्या सोयीनेच ठरविली असावी. बंडीवर बांबूच्या तट्ट्यांचे छत, खाली तणसाची गादी, त्यावर लेकरे आणि म्हातारी माणसे. तांदूळ, डाळ, तिखट-मीठ, दोन भांडी आणि बैलांसाठी तणस एवढे घेतले की घर निघाले. तळावर आले की जू खाली उतरवून बंडीला टेकण द्यावयाचे, बैल चाकालाच बांधावयाचे, तीन दगडांची चूल, आणि नदीत हातभर खड्डा केला की झिरपून आलेले पाणी. एका गावच्या बंड्या एका जागी. दरसाल तीच जागा. पाटी नाही, नकाशा नाही, तरी चुकत नसे. मागाहून आलेल्या बंडीला शेजारची बंडी थोडी सरकून वाट देई. कोणास आदल्या रात्री जावेसे वाटले तरी हरकत नसे, कारण जत्रा काही त्याच्यासाठी भरलेली नसे. ती पंचांगानेच ठरवून ठेवलेली असे. वर्षाची यादी छापणारा क्लब तो हाच. आज बंड्यांची जागा बहुतांशी मोटारींनी व एस.टी.च्या जादा गाड्यांनी घेतली आहे, तरी उघड्यावर पाल टाकून दोन रात्री काढणारी कुटुंबे अजूनही दिसतात. चाकांवर निजण्याची सोय असलेल्या गाडीला त्यांच्या शेजारी उपरे वाटण्याचे कारण नाही.

काही गोष्टी मात्र बैलास चालत त्या मोटारीस चालत नाहीत. बंडीचे रुंद, उंच चाक वाळूतून निघते. मोटारीचे चाक आसापर्यंत रुतते. शिवाय वैनगंगेवर वर पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण आहे, आणि धरणातून पाणी सोडले की खालच्या पात्रातील पाण्याची पातळी पावसावाचूनही चढते. तेव्हा गाडी काठावर, कठीण जमिनीवर, पोलीस आणि पंचायत दाखवितील तेथेच लावावी. पात्रात कदापि नेऊ नये. सांडपाण्याची टाकी नदीत मोकळी करण्याचा मोह काही शहाण्यासुरत्यांनाही होतो. खाली लोक स्नान करीत असतात आणि घागरी भरीत असतात, एवढे डोळ्यांपुढे आणले म्हणजे पुरे.

चंद्रपूर शहरातील महाकालीची यात्रा ही दुसरी. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास झरपट नदीच्या काठी ती भरते आणि नांदेड-परभणीकडील भाविक मोठ्या संख्येने येऊन देवळाभोवतीच्या मोकळ्या जागेत उतरतात. पण तोवर चंद्रपूरचा उन्हाळा सुरू झालेला असतो. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या गावी पत्र्याची गाडी दुपारी भट्टी होते आणि रात्रीही लवकर निवत नाही. लहान मुलांना घेऊन त्या दिवसांत गाडीत राहण्यापेक्षा एखाद्या धर्मशाळेची ओसरी शतपटीने बरी.

जत्रेवाचून इतर दिवशी एखाद्या गावी उतरावे असे वाटले, तर तेथे निराळाच विचार करावा लागतो. गडचिरोलीतील धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंडांचे लहानसे गाव आहे. लेखा या शेजारच्या गावाच्या नावासह ते मेंढा-लेखा म्हणून ओळखले जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरील हक्क गावास मिळाला आणि २०११ साली तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून आपला बांबू ग्रामसभा स्वतः विकू लागली. या गावाची प्रसिद्ध रीत अशी की निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने व्हावयाचा. दहा जण ‘होय’ म्हणाले आणि एक जण ‘थांबा’ म्हणाला, तर थांबावयाचे. पुढे जिल्ह्यातील शेकडो गावांनी असे सामूहिक हक्क मिळविले आहेत.

येथे शहरी प्रवाशाच्या घाईची खरी गाठ पडते. त्याला वाटते, गावाबाहेर मोकळी जागा आहे, झाडे आहेत, कोणाचे काय जाते? परंतु ते जंगल मोकळे नाही. त्यास धनी आहे, आणि तो धनी म्हणजे सबंध गाव. मोहाच्या झाडाखाली साफ केलेली जमीन सहलीच्या सतरंजीसाठी नव्हे, फुले वेचण्यासाठी झाडलेली असते. असे गाव पाहुण्यास नको म्हणेलच असे नाही. बहुधा आतिथ्यच करील. पण विचारल्यावाचून उतरू नये, आणि विचारल्यावर त्यांना एकत्र बसून ठरविण्यास वेळ द्यावा. तो वेळ दोन तासांचा असेल, दोन आठवड्यांचाही असेल. प्रवासी ऐनवेळी येऊ शकतो. यजमानावर ऐनवेळ लादण्याचा अधिकार त्यास कोठून मिळाला? इंग्लंडातील कारभारी कुरणाच्या मालकास महिनेच्या महिने आधी भेटतो तो याच जाणिवेने. आपल्याकडे कोणी क्लब काढू म्हणत असतील, तर सुंदर गाड्या जमविण्यापूर्वी त्यांनी अशा चार-सहा ग्रामसभांशी बसून वर्षाचे दिवस, भाडे, पाणी आणि कचरा यांचा ठराव करून घ्यावा. भाड्याची रक्कम गावाच्या खात्यात जावी, मध्यस्थाच्या खिशात नव्हे.

रस्त्यांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर नागपूर ते चंद्रपूर व गडचिरोलीपर्यंत जड गाडीस अडचण नाही. आष्टीच्या पुढे आलापल्लीकडे सुरजागडच्या लोहखनिजाची अवजड वाहतूक असते, तेथे अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. आलापल्लीचे जुने सागवन, ज्यास वनवैभव म्हणतात आणि २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, ते पाहण्यासारखे आहे. कमलापूरचे हत्तीही मुलांना आवडतात. पण तेथून भामरागडपर्यंतचा बेत दोन दिवसांत बसत नाही, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला म्हणजे तो भाग तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे वाचावयास मिळाल्या आहेत. दक्षिणेकडील तालुक्यांनी सशस्त्र संघर्षाची चार दशके सोसली आहेत. तेथे रात्री अनोळखी गाडी रस्त्याकडेला उभी असलेली पाहून पोलिसांनी आणि गावकऱ्यांनीही चौकशी केली, तर राग मानू नये. पोलीस ठाण्यात आधीच वर्दी देऊन जवळपास उतरणे उत्तम.

ऐनवेळी निघणाऱ्यांसाठी या मुलखाची सर्वांत खास गोष्ट मात्र हिवाळ्यात आहे. वैनगंगेच्या दोन्ही बाजूंच्या या रानाला झाडी म्हणतात, आणि तेथील नाटकांना झाडीपट्टीची रंगभूमी. दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. लेकी-जावयांना, सोयऱ्यांना निरोप जातात, घरोघर पाहुणे मावेनासे होतात आणि रात्री नाटक असते. पूर्वी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, जोडीने ही नाटके होत. शर्यतींवर मध्यंतरी बंदी आली आणि पुन्हा उठली, पण नाटके त्या काळातही थांबली नाहीत. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या रंगभूमीचे केंद्र. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरील हे गाव दीर्घकाळ गडचिरोली जिल्ह्यातील एकमेव रेल्वे स्थानक होते. तेथे नाटकमंडळ्यांच्या कचेऱ्या ओळीने थाटलेल्या असतात आणि गावोगावची मंडळे येऊन तारखा ठरवून जातात. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेक रसिकांनी झाडीपट्टीचे नाव प्रथमच ऐकले.

येथे पूर्वनोंदणी लागत नाही. वडशास उतरून कोणत्याही कचेरीच्या दारी विचारले, किंवा चहाच्या दुकानातील भिंतीवरच्या रंगीत जाहिराती वाचल्या, की आज कोणत्या गावी कोणते नाटक आहे ते कळते. धान निघालेल्या शेतात कनातींचा मांडव, पुढे जमिनीवर बसणारे, मागे खुर्च्या, दारावर तिकीट. नाटक दहाच्या पुढे सुरू होते. ऑर्गन आणि तबला वाजतात, लावणी होते, सासू-सुनेचे भांडण होते, खलनायकास शिव्या बसतात, आणि बायका डोळ्यांस पदर लावतात. शेतात गाड्या लावावयास जागा राखलेली असते. शेताच्या मालकास अथवा मंडळाच्या कार्यकर्त्यास विचारून आपली गाडी तेथेच ठेवून घ्यावी; गर्दी आणि दिवे असेपर्यंत ती जागा रानातील कोणत्याही जागेपेक्षा निर्धास्त. थंडी झोंबणारी असते, तेव्हा घोंगडी जवळ असावी.

नाटक संपते तेव्हा बहुधा उजाडत आलेले असते. प्रेक्षक पायवाटांनी, दुचाक्यांवरून घरोघर पांगतात आणि शहरातून आलेली मोटार तेवढी नागपूरच्या दिशेने वळते. रात्रभर न निजलेला मनुष्य तीत चाक धरून बसलेला असतो. चाकांवरच्या बिऱ्हाडाचा खरा उपयोग काय, तो याच घटकेस कळतो: पडदे ओढून घ्यावेत, दहापर्यंत स्वस्थ झोपावे, उठल्यावर गावातच कोणाकडे चहा सांगावा आणि मग निघावे.